काड्यांवरचं इंजान

लढाई सुरू झाली तेव्हा वाडीत कुणाला तिचं फारसं काही वाटलं नव्हतं. जर्मन कोण, जपानी कोण, हे चावडीवर बसून बोलायला बरं होतं. पण रॉकेल रेशनवर आलं, दिव्यापुरतं बाटलीतून मिळायला लागलं, आणि भरमूचं इंजान विहिरीच्या काठावर मुकं होऊन बसलं.

वाडी निपाणीपासून कोस-दीड कोसावर होती. जमीन काळी, पीक तंबाखूचं. भरमूच्या विहिरीला मात्र बारमाही पाणी होतं, म्हणून त्यानं तंबाखूच्या जोडीला थोडा ऊस आणि मिरची धरली होती. निपाणीतल्या एका तेलवाल्याकडनं त्यानं ते जुनं इंजान आणलं आणि बदल्यात दावणीची बैलजोडी दिली, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्याची आई मनुबाई त्या दिवशी रिकाम्या दावणीजवळ बसून राहिली, जेवलीसुद्धा नाही. पण इंजान लागलं, पट्टा फिरला, पंपानं मांडीएवढी धार पाटात टाकली, तेव्हा तीच म्हातारी लुगडं वर खोचून पाटात पाय सोडून बसली होती. तिथून पुढं भरमूच्या चालण्यात एक ऐट आली. मोट हाकणाऱ्यांकडं तो जरा लांबून बघायला लागला.

आता इंजानही नाही आणि बैलही नाहीत. उसाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायला लागली, तसा तो शेजारच्या भावकूच्या बांधावर जाऊन उभा राहिला. भावकूनं बैल दिले, एक दिवसाआड मोट धरायला दिली. त्याच्या बदल्यात भरमूनं आणि त्याच्या बायकोनं, जयाबाईनं, त्याची तंबाखू झोडून द्यायची. वाळलेल्या झाडांची पानं झोडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊन दोघंही दिवसभर शिंकत, खोकत. भावकू मेरेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमच्याकडं इंजानवाले कामाला असत्यात. जयाबाई हसून घ्यायची. भरमूला ते हसणं जमत नव्हतं.

तंबाखू झोडून झाली की मागं काड्या उरायच्या. त्यांना गुरं तोंड लावत नाहीत. बायका चुलीत घालायच्या, पण त्या धुरानं डोकं गरगरायचं. रानोरान ढीग पडलेले. निपाणीच्या नाक्यावर भरमूनं ऐकलं होतं, की पेट्रोल नाही म्हणून आता मोटारी लाकडाच्या लोणारी कोळशाच्या वायूवर चालतात. मोटारीच्या पाठीला एक पिंप बांधतात, त्यात कोळसा पेटवतात आणि त्याचा ग्यास इंजानात जातो. कोळसा त्याच्या आवाक्यातला नव्हता, असेल तेवढा मोटारवालेच उचलत होते. पण काड्या होत्या. कोळसा जळतो आणि काडीही जळते, मग इंजानाला काय कळतंय, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलं.

त्यानं डांबराचं एक रिकामं पिंप मिळवलं. यमनाप्पा लोहाराकडनं खाली जाळी बसवून घेतली, वरच्या झाकणातून नळी काढली. ती नळी पाण्याच्या डब्यातून, तिथनं काथ्या भरलेल्या दुसऱ्या डब्यातून, इंजानाच्या तोंडाला. काड्या बोटभर तोडून पिंपात भरायच्या, खालून पेटवायच्या. घरातल्या दिव्याचं रॉकेल इंजान सुरू करायला जायचं आणि घरात करंजाच्या तेलाची पणती मिणमिणायची. चाक फिरवताना भरमूच्या खांद्याच्या शिरा तटतटायच्या. इंजान फुरफुरायचं, धडधडायचं, पंपाच्या तोंडाशी पाणी यायचं, पहिल्या सरीच्या टोकाला पोचायचं आणि सगळं थांबायचं.

उघडून बघितलं की आत चिकटा. काळा, दाट, गुळाच्या काकवीसारखा. धुराबरोबर आलेला तो रस सगळ्या नळ्यांतून, व्हॉलांतून थापला जायचा. मग राखेच्या कढत पाण्यानं तो खरवडायचा. हे काम जयाबाईकडं होतं. मिरच्या तोडून तिची बोटं आधीच पोळलेली, त्यात हे तंबाखूचं पाणी. तिला मळमळायचं, एकदा बांधावर जाऊन ती ओकलीसुद्धा. पण परत येऊन सुरी हातात घ्यायची. भरमू तेवढ्यात पुढचा बेत सांगत असायचा. काथ्या जास्त भरूया, डबा मोठा घेऊया. ती म्हणायची, घेऊया.

असं वर्षभर चाललं. आणि पुढच्या शिमग्याला जयाबाईचा भाऊ आला.

रवळू तिच्यापेक्षा धाकटा. त्यांचं माहेर जांबोटीकडचं, डोंगरातलं, पण रवळू लोंढ्याला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. खाकी शर्ट, केस मागं वळवलेले, खांद्यावर कोवळ्या फणसांचं पोतं. आल्या आल्या त्यानं मनुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, तिची काठी हातात घेतली आणि तिला खाली तार गुंडाळून आणून दिली, म्हणजे घसरायची नाही. म्हातारी दिवसभर काठी टेकवत हिंडत होती. जयाबाईनं पुरणपोळी केली, फणसाची भाजी केली. ती एवढी बोलताना भरमूनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

जेवण झाल्यावर दोघं मेहुणे विहिरीवर गेले. भरमूनं मुद्दाम इंजान सुरू करून दाखवलं. ते नेहमीसारखं धडधडलं आणि नेहमीसारखं बंद पडलं. रवळू पाटात हात धुवत होता. फणसाचा चीक बोटांचा सुटत नव्हता, तो मातीनं घासत होता. घासता घासताच म्हणाला, "दाजी, धूर वरनं कशाला काढतासा? खालनं वढा की. निखाऱ्यातनं गेला म्हंजे चिकटा तितंच जळून जाईल."

मग त्यानं एक कोळसा उचलला आणि विहिरीच्या कठड्याच्या दगडावर पिंप काढून दाखवलं. वरून काड्या, मधल्या अंगाला हवेची भोकं, खाली निखारा, आणि निखाऱ्याच्या खालून नळी. चार रेघा. तेवढ्यात जयाबाईनं घराकडनं हाक मारली. निपाणीहून बेळगावची मोटार गाठायची होती, तिथनं लोंढ्याची गाडी. त्यानं हात शर्टाला पुसले आणि तो गेला.

भरमू त्या रेघांकडं बघत उभा राहिला. त्याला एकदम कळलं की हे बरोबर आहे.  वर्षभर तो ह्या पिंपापुढं बसला होता. जेवताना, झोपताना, भावकूची तंबाखू झोडताना दुसरं काही डोक्यात नव्हतं. आणि हा पोरगा फणसाचा चीक धुता धुता सांगून गेला. त्यानं पाटातून बादली भरली आणि दगडावर ओतली. रेघा पुसल्या, काळा ओघळ तेवढा खाली उतरला.

पण जयाबाईनं त्या पाहिल्या होत्या. भावाला हाक मारायला ती कठड्यापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी चिकटा खरवडताना ती म्हणाली, रवळू म्हणालता तसं करून बघूया की. भरमू म्हणाला, बघू. चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मनुबाईसुद्धा काठी टेकवत म्हणाली, "सोन्यासारखं पोरगं. त्याचं आयकावं." भरमूनं फणसाची भाजी ताटातच ठेवली. पोटाला सोसत नाही म्हणाला.

त्यानं बाकी सगळं करून बघितलं. काड्या घराच्या छपरावर वाळवल्या. पाण्याचे डबे एकाचे दोन केले. काथ्याच्या जागी भुसा, भुशाच्या जागी वाळू. नळी लांब केली, आखूड केली. एक खालून ओढायचं तेवढं केलं नाही. इंजान दोन सऱ्या जास्त चाले आणि थांबे. ऊस बुडाकडून पिवळा पडत चालला. घरात कुणी लोंढ्याचं नाव काढलं, नुसती रेल्वेची गोष्ट निघाली, तरी तो उठून बाहेर जायचा. रवळूला काय माहीत शेतातलं, हे तो न विचारता कुणालाही सांगायचा. यमनाप्पाच्या भट्टीवर बसूनही त्यानं तेच सांगितलं, तेव्हा लोहारानं घण थांबवून विचारलं, असं तो म्हणाला तरी काय? भरमूनं विषय बदलला.

एका सकाळी भावकूनं निरोप पाठवला, की बैलांना आता विसावा पाहिजे, मोट मिळायची नाही. जयाबाईनं निरोप ऐकला आणि भरमूपुढं येऊन उभी राहिली. ती सहसा असं उभी राहत नसे.

"तुमास्नी पाणी पायजे का मान पायजे, येवढं सांगा," ती म्हणाली.

"तुझ्या भावाची अक्कल रुळावर चालती. ही माझी हीर हाय."

"हीर तुमचीच हाय. ऊस माझ्याबी हातचा हाय."

 दुसऱ्या दिवशी, बेळगावात ग्यासच्या मोटारी बघून येतो, असं सांगून तो निघाला.

बेळगावच्या मोटार अड्ड्यावर त्याला बसवंत नावाचा डायवर भेटला. कंग्राळीचा शेतकऱ्याचाच मुलगा, बोलका. त्यानं भरमूला मोटारीच्या मागं नेऊन पिंप दाखवलं, झाकण उघडून दिलं, काळे हात पुसत सगळं सांगितलं. कोळसा असा निवडून घ्यावा लागतो, चाळावा लागतो, जरा दमट आला की मोटार चढावर दम टाकते आणि उतारूंना खाली उतरून ढकलावं लागतं. भरमूनं तंबाखूच्या काड्यांचं विचारलं, तेव्हा बसवंत पोट धरून हसला.

"पावणं, कोळशानंच आमचा जीव जातोय. असल्या कचऱ्यावर इंजान चालत न्हाय. वरनं घ्या न्हायतर खालनं घ्या, चिकटा तो चिकटाच."

हे ऐकून भरमूला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला एकदम हलकं हलकं वाटलं. चालतच नाही. म्हणजे आपलं चुकलं नव्हतं, मुळात गोष्टच होणारी नव्हती. म्हणजे रवळूचंही चालणार नव्हतं. चार रेघा मारणं सोपं असतं. त्या दिवशी खानावळीत तो पोटभर जेवला. रात्री तिथंच पडवीत झोपला, सकाळी उठून शेजारच्या शहापूरला गेला, आणि एका विणकराच्या ओट्यावर बसून त्यानं जयाबाईसाठी हिरव्या काठाचा खण घेतला. तिच्या भावाचं खोटं ठरलं होतं, तिला बरं वाटावं असं काहीतरी न्यायला हवं होतं. मोटारीत तो शेजारच्या माणसाशी बोलत आला, हसत आला. उसाचं काय करायचं तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. वैरणीला घालायचा आणि मोकळं व्हायचं.

नाक्यावर उतरून तो वाडीच्या वाटेला लागला. ऊन कलत होतं. काखेत खण होता. ओढा ओलांडून वर आला आणि त्याला इंजानाचा आवाज आला.

आधी त्याला वाटलं, निपाणीकडची कुठली गिरणी असेल. पण आवाज समोरून येत होता. आणि त्याच्या इंजानाला एक खोड होती, मध्येच एक ठोका अडखळायचं, लंगड्या माणसासारखं, आणि पुन्हा चाल धरायचं. तो अडखळा त्याला ऐकू आला. वर्षभर ज्या आवाजासाठी तो झुरला होता तो आवाज रानातून सरळ येत होता, आणि तो तिथं नव्हता.

त्यानं धावत सुटायला हवं होतं. तो बाभळीखाली बसला.

आता थांबेल, असं तो मनाशी म्हणाला. दोन सऱ्या भिजतील आणि थांबेल. वाटेनं एक गाडी गेली, गाडीवानानं विचारलं, भरमू, तुझंच इंजान का? त्यानं मान हलवली. इंजान चालतच होतं. बंद पड, असं तो पुटपुटला. मग जरा मोठ्यानं, दात आवळून, बंद पड. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण आपलाच ऊस वाळावा म्हणून देवाला विनवतोय. त्याची त्यालाच शिसारी आली. तरी त्याचे कान तो आवाज कधी तुटतो याचीच वाट बघत होते. तो तुटला नाही. शेवटी तो उठला.

विहिरीवर यमनाप्पा लोहार घाम पुसत उभा होता. पिंपाच्या मधल्या अंगाला भोकं पाडलेली, नळी बुडातून निघालेली. जयाबाईचं तोंड काजळीनं काळं झालं होतं, नुसते डोळे आणि दात दिसत होते. हाताच्या पाठीवर पोळल्याचा फोड होता. ती पिंपात काड्या टाकत होती. मनुबाई पाटात पाय सोडून बसली होती, आणि भावकू त्याच्या बांधावर उभा राहून बघत होता. भरमूला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. बघा, म्हणालते न्हवं. पण ती म्हणाली, "पाणी फुटाय लागलंय तिकडं. फावडं घ्या आनि दारं धरा."

त्यानं खण कठड्यावर ठेवला आणि फावडं घेतलं. सऱ्यांतून पाणी फिरवताना त्याचे पाय थंड पडले, ढेकळं विरघळत होती, आणि उसाच्या बुडाशी पाणी मुरताना येतो तो चुरचुर आवाज सगळ्या रानातून येत होता. त्याला रडू येत होतं आणि कशाचं ते त्याला सांगता आलं नसतं.

चार दिवस इंजान चांगलं चाललं. मग ते मंदावलं आणि एका दुपारी बंद पडलं. भरमूनं पिंप उघडलं. तंबाखूची राख वितळून जाळीवर बसली होती, विटेसारखी घट्ट, हवेची वाट अडलेली. त्यानं मान वर केली ती नेमकी जयाबाईसमोर. तिनं त्याच्या चेहऱ्यावर काय बघितलं ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तो खूश झाला होता. ते लपवायला त्याला उशीर झाला.

ती काड्यांची बुट्टी उचलून घराकडं गेली.

त्या लाजेनंच म्हणा, तो कामाला लागला. राख घट्ट बसू द्यायची नाही, तर जाळी हलती पाहिजे. त्यानं यमनाप्पाकडनं तिला बाहेरून दांडा लावून घेतला, मधून मधून दांडा हलवला की राख झडेल. तरी वीट जमायचीच, थोडी कमी. मग त्यानं काड्यांत मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं मिसळून बघितली, तुरीच्या तुराट्या मिसळल्या. तुराट्यांनी राख मोकळी पडायला लागली. निम्म्या काड्या, निम्म्या तुराट्या. हे त्याचं होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. उन्हाळाभर इंजान चाललं आणि ऊस तगला. पिवळी पानं जाऊन शेंड्याच्या पोंग्यातून हिरवं आलं.

गावोगाव बोभाटा झाला. लोक बघायला यायला लागले. रोहिणी निघायच्या आधी शेतकी खात्याचा एक साहेब बेळगावहून आला. बरोबर मारुतीराव नावाचे कारकून, त्यांच्या डोक्यावर पागोटं. साहेबानं टोपी काढून पिंपाभोवती दोन चकरा मारल्या, बुडाच्या नळीजवळ वाकून हुंगून बघितलं. वाडीतले सगळे जमले होते. भावकूनं आपल्या घरातली खुर्ची आणून ठेवली होती.

साहेबानं विचारलं, धूर खालून घ्यायची ही युक्ती कुणाची?

जयाबाई काड्यांची बुट्टी कमरेवर घेऊन उभी होती. भरमूनं तिच्याकडं बघितलं नाही.

"माझीच, सायेब," तो म्हणाला.

साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मारुतीरावांनी मान डोलावली. जयाबाईनं बुट्टी खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि ती निघून गेली. यमनाप्पा लोहार जमिनीकडं बघत राहिला. रवळूचं त्याला जयाबाईनं सांगितलं होतं. पण भरमू त्याचं गिऱ्हाईक होतं आणि घरातलं भांडण आपण कशाला उकरायचं, असा त्याचा स्वभाव होता.

त्यानंतर भरमू भरमाप्पा झाला. कुणाच्या विहिरीवर इंजान बसवायचं असलं की त्याला बोलावणं यायचं. गाडी न्यायला यायची, पान-सुपारी व्हायची. भावकू आता बांधावरून आधी रामराम घालायचा. भरमूला हे सगळं हवं होतं आणि सगळं मिळालं. पण कुणी पाठ थोपटली की पाठीवर दुसऱ्याचा शर्ट आहे असं त्याला वाटायचं. काड्या-तुराट्यांचं मिश्रण त्याचं स्वतःचं होतं, ते तो लोकांना रंगवून सांगायचा, पण लोक विचारायचे खालच्या नळीबद्दल.

आणि जयाबाई रवळूचं नाव घ्यायची बंद झाली. आधी ती म्हणायची रवळू म्हणालता आणि त्याला टोचायचं. आता ती म्हणत नव्हती, ते जास्त टोचायला लागलं. ती वाढायची, काड्या तोडायची, दांडा हलवायची. विचारलं तेवढं सांगायची. शहापूरचा खण पेटीत घडी मोडल्याशिवाय पडून राहिला. सणाला भरमूनं तो का शिवत नाहीस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, शिवीन की.

रवळू आला नाही. लढाईच्या गाड्या लोंढ्यावरून जात होत्या, त्याला रजा मिळत नव्हती. त्याचं येणं लांबलं की भरमूला बरं वाटायचं. कधीमधी कल्पना करायचा, रवळू येतो, पिंप बघतो, चारचौघांत म्हणतो, दाजी, ही तर माझी युक्ती. त्याला द्यायची उत्तरं भरमूनं तयार ठेवली होती. दांडा कुणाचा? तुराट्या कुणाच्या? वर्षभर चिकटा कुणी खाल्ला? चालता चालता तो ती मनात घोळवायचा आणि मनातल्या मनात रवळूला गप्प करायचा.

लढाई संपली त्या साली दसऱ्याच्या आधी रवळू आला. वाळला होता. डाव्या हाताची दोन बोटं रेल्वेच्या डब्यांच्या सांध्यात चिरडून गेली होती. मनुबाई तो हात हातात घेऊन बसली आणि रडली. तो हसत तिची समजूत काढत होता. फणसाचे दिवस नव्हते, त्यानं डोंगरातला मध आणला होता.

जेवणाआधी तो विहिरीकडं आला. जयाबाई कठड्याजवळ मिरच्या निवडत बसली होती. तुरीच्या सरीला पाणी द्यायचं होतं म्हणून भरमूनं इंजान लावलं होतं. रवळू पिंपासमोर थांबला. मग त्यानं त्याच्याभोवती चक्कर मारली, दांडा हलवून बघितला, वाकून बुडाशी बघितलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

"खालनं वढलासा व्हय, दाजी? निखाऱ्यातनं? लई झ्याक. आमच्या कारखान्यातबी कुणाला सुचलं नसतं. हे कुणी सुचवलं तुमास्नी?"

जयाबाईचे हात मिरच्यांत थांबले.

भरमूनं रवळूच्या तोंडाकडं निरखून बघितलं. थट्टा असेल, खोच असेल, म्हणून शोधली. काहीच नव्हतं. तो खरंच विचारत होता. तो विसरला होता. पाटात हात धुता धुता बोललेली गोष्ट, तिथंच वाहून गेलेली. एवढी वर्षं भरमू ज्याच्याशी झुंजत होता, त्याला झुंज लागली आहे हेच ठाऊक नव्हतं. तयार ठेवलेली सगळी उत्तरं त्याच्या तोंडात तशीच राहिली. आता तो काहीही म्हणू शकत होता. तिथं खरं ठाऊक होतं ते त्याला आणि जयाबाईला.

"तूच की रं," तो म्हणाला. "शिमग्याला आलतास तवा. ह्या दगडावर कोळशानं काढून दावलंतंस."

रवळू हसायला लागला. "म्या? छ्या. मला इंजानातलं रेल्वेचं तेवढं कळतंय."

"खरं सांगतोय. मी ते पुसलं. सायबाला माझं म्हनून सांगितलं."

"दाजी, उगं मला मोठेपना देतासा," रवळू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, बोटं गेलेल्या मेहुण्याचं मन राखायला हा माणूस आपलं नाव त्याला देतोय. तो बहिणीकडं वळला. "आक्का, बघितलीस का ह्येंची मानसं जपायची तऱ्हा? सगळ्या वाडीत सांगतो बघ."

आणि तो सांगायला निघालाच. भावकूच्या बांधाकडं जाताना त्याचा आवाज ऐकू येत होता, आमचे दाजी म्हणजे, असं काहीतरी. भरमू जागचा हलला नाही. त्याला पुन्हा त्या पोराचा हेवा वाटला. या खेपेला त्या युक्तीचा नाही. एवढी मोलाची गोष्ट देऊन इतकं साफ विसरून जाता येतं, त्याचा.

जयाबाईनं मिरच्यांचा ढीग एका बाजूला ओढला आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा," ती म्हणाली. "त्यो काय आता लौकर येत न्हाय जेवाय."